सगळं इस्तारीच्या नावानं

पोंभुर्ण्याच्या तलाव-नोंदणी कार्यालयात इस्तारी पचारे नावाचा एक माणूस काम करतो. सरकारी कागद खरा मानायचा तर हा माणूस एकाच मिनिटाला तीन ठिकाणी असतो. होळीच्या दिवशी दुपारी तो पोंभुर्ण्यात एका तलावाचं क्षेत्रफळ दुरुस्त करत होता, त्याच वेळी चंद्रपुरात बसून कोणाचा तरी पत्ता बदलत होता, आणि प्रत्यक्षात चिंचबोडीला स्वतःच्या अंगणात हिरवाजांभळा होऊन झोपला होता. एखाद्या साधूबद्दल असं ऐकलं तर आपण हात जोडतो. इस्तारीला कारणे दाखवा नोटीस मिळाली.

पण नोटिशीआधी माणूस सांगतो.

इस्तारीचं वय सत्तेचाळीस. अंगानं काटकुळा, केसाला तेल जास्त, खिशात दोन पेन. एक लिहायचं आणि एक लोकांनी नेऊन परत न देण्याचं. घराणं ढिवराचं. बाप, आजा, पणजा, सगळे चिंचबोडीच्या तलावात जाळं टाकून जगले. इस्तारी मात्र सातव्या वर्षी त्या तलावात बुडता बुडता वाचला आणि त्यानंतर गुडघ्यावर पाणी आलं की त्याला घाम फुटायचा. ढिवराचा पोट्टा पाण्याले भेते, म्हणून गावानं चार वर्षं हसून घेतलं. त्याची माय कुंताबाई हसली नाही. तिनं हिशोब केला की याला पाणी जमत नाही, तर कोरडं काहीतरी पाहावं लागेल; आणि गावात सगळ्यात कोरडी वस्तू म्हणजे शाळा. तिनं त्याला तिथं घातलं. बारावीनंतर तो चंद्रपूरला जटपुरा गेटजवळच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकला. बाकीची पोरं तिथं गेम खेळायला शिकली. इस्तारी एकटा डेटाबेस शिकला, कारण त्या बॅचमध्ये गर्दी नव्हती.

चौदा वर्षांपासून तो कार्यालयात कंत्राटी ऑपरेटर आहे. कंत्राट अकरा महिन्यांचं. मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्या एका दिवशी तो कायद्यानं कोणीच नसतो. तरी ऑफिसात येतो, कारण तो नसला तर यादी कोणाला उघडत नाही. लिपिक आशाबाई त्या दिवशी त्याला 'पाहुणे' म्हणतात आणि पाहुण्यासारखा चहा बशीसकट देतात. दुसऱ्या दिवसापासून बशी बंद.

त्याच्या ताब्यात तालुक्यातले एकशे त्रेचाळीस तलाव आणि अकरा हजार मच्छीमार सभासद. म्हणजे त्यांची यादी. यादीला हलकी समजू नका. नाव यादीत असलं तरच माणसाला आपल्या गावच्या तलावात जाळं टाकता येतं आणि संस्थेच्या सभेत हात वर करता येतो. नाव गेलं, तर ज्या तलावात आज्यानं जन्म घालवला त्याच तलावाच्या काठावर उभं राहून दुसऱ्याची मरळ किती मोठी निघाली एवढंच बघायचं.

आता मूळ घोळ. चिंचबोडीच्या काठाला एक डोंगा, म्हणजे लहान होडी, बांधलेला असतो. तो एकाच्या मालकीचा, पण कुलूप नाही. ज्याला लागेल त्यानं सोडावा, काम करावं, परत आणून बांधावा. विचारायला गेलं तर मालकाला राग येतो, की आता आपल्यात विचारण्याइतकं अंतर पडलं का. इस्तारी या रीतीत वाढला. ऑफिसात त्याच्या नावानं लॉगिन मिळालं, तसा त्यानं पासवर्ड भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकादशीच्या चौकोनात लिहून ठेवला. आशाबाई त्यावर पत्ते बदलत. शिपाई मुखरू फावल्या वेळात त्यावर नवीन नावं चढवी. साहेब बदलत गेले, प्रत्येकानं रुजू झाल्याच्या दिवशी खुर्ची, पंखा आणि कॅलेंडर बघून घेतलं. हल्लीचे प्रणित सातपुते साहेब तरुण, घाटाकडचे, कामाचा फार उत्साह असलेले. त्यांनी कॅलेंडरचा मोबाइलवर फोटोच काढून घेतला, म्हणजे रविवारी चंद्रपूरच्या घरूनही काम करता येईल.

कामं सगळे करत. मशीनला मात्र एकच माणूस माहीत, इस्तारी.

गेल्या वर्षी वरून पत्र आलं. 'वरून' म्हणजे नेमकं कुठून, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही. ऊन कुठून येतं हे तरी कुठं विचारतो. पत्रात होतं की यापुढे डेटाबेसमधल्या प्रत्येक बदलाची नोंद आपोआप राहिली पाहिजे. कोणी केला, केव्हा केला, आधी काय होतं, नंतर काय झालं. आणि या नोंदीची प्रत रोज संध्याकाळी नागपूरला गेली पाहिजे. आशाबाईंनी लगेच एक जाड रजिस्टर काढून त्यावर 'बदल नोंदवही' असं लिहिलं आणि हळदीकुंकू लावलं. इस्तारीनं समजावलं की हे वहीचं काम नाही. त्यानं तीन दिवस मान खाली घालून एक नवीन टेबल बनवलं आणि तलावांच्या, सभासदांच्या आणि त्या नव्या अशा सगळ्या टेबलांना ट्रिगर लावला, म्हणजे कोणी नाव घालो, बदलो की काढो, नव्या टेबलात गुपचूप एक ओळ पडणार. जाता जाता त्यानं पत्रात नसलेला एक रकाना आपल्या मनानं वाढवला : बदल कोणत्या मशीनवरून झाला. का वाढवला, तर म्हणे जागा उरली होती.

मुखरूला हे प्रकरण कळेना. त्याला कळेल असं सांगणं भाग होतं.

"जंगलात झाडाले कॅमेरा बांधतेत ना, वाघाचा फोटो काढाले? तसं हाये हे," इस्तारी म्हणाला. "कॅमेरा वाघाले अडवत नाई. वाघ गेला का खट्, फोटो."

"मंग बकरी वाचते का?"

"बकरी नाई वाचत. पण कोन्या वाघानं खाल्ली ते समजते."

मुखरूनं थोडा विचार केला. "बकरीले समजते?"

शासनाच्या लेखापरीक्षणावर इतकं नेमकं भाष्य मी तरी ऐकलेलं नाही.

पहिल्या महिन्याचा अहवाल निघाला. एकूण बदल चार हजार तीनशे बारा. करणारा : इस्तारी. एकच नाव, चार हजार तीनशे बारा वेळा. जिल्ह्याच्या बैठकीत कोणीतरी हे पान वाचलं आणि सभागृह गहिवरलं. एवढं काम करणारा माणूस, तोही कंत्राटी, आणि होळीलाही सुट्टी नाही! त्याला 'सर्वाधिक कार्यक्षम कर्मचारी' असं प्रमाणपत्र मिळालं. इस्तारीनं सांगायचा प्रयत्न केला की यातले चार हजार तरी माझे नाहीत. तो त्याचा विनय समजला गेला आणि टाळ्या वाढल्या. ऑफिसात परतल्यावर मुखरूनं तक्रार केली की मेहनत तिघांची आणि फोटो एकाचा. इस्तारीनं सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले आणि विषय मिटवला. त्याचा विषय मिटवायचा हाच एक मार्ग आहे. 'नाही' म्हणून कोणाला नकार दिलेला त्याच्या तोंडातून तोवर कोणी ऐकला नव्हता.

पुढच्या महिन्यात वरून दुसरं पत्र आलं. सर्व सभासदांची मोबाइल जोडणी शंभर टक्के करावी.

आता आमच्या गावांमध्ये मोबाइल माणशी नसतो, घरटी असतो, आणि म्हाताऱ्यांकडे तर घरटीही नसतो. सगळीकडचे मिळून सहाशे रकाने रिकामे होते. मुखरूनं यावर एक सोपा उपाय काढला : ज्याच्याकडे नंबर नाही त्याच्यापुढं त्यानं स्वतःचा टाकला. तलावात मत्स्यबीज सोडल्याचा संदेश निघाला की मुखरूचा फोन साडेपाचशे वेळा वाजतो आणि तो स्टुलावर बसून प्रत्येक संदेश वाचतो, कारण सरकारचा माणूस आपल्याशी एवढं बोलतो याचं त्याला अजून कौतुक आहे. फक्त चिंचबोडीची यादी इस्तारीनं स्वतः भरली. आपलंच गाव, म्हणून जास्त काळजीनं भरली. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचा रकाना त्यानं रिकामा ठेवला. असे एक्केचाळीस निघाले, बहुतेक म्हातारे आणि विधवा. त्यात त्याची मायही होती. कुंताबाईंच्या मते फोन ही भांडण लांबवण्याची वस्तू आहे.

एका सोमवारी पत्रक लागलं : पोंभुर्णा तालुका, मोबाइल जोडणी शंभर टक्के. सातपुते साहेबांचं बैठकीत नाव घेतलं गेलं. आणि त्याच आठवड्यात चिंचबोडीच्या मच्छीमार संस्थेच्या भिंतीवर सभेसाठीची नवी यादी लागली. त्यात एक्केचाळीस नावं नव्हती.

संस्थेचे अध्यक्ष लटारूभाऊ वीस-पंचवीस माणसं घेऊन ऑफिसात आले. साहेब त्यांच्याशी नीट बोलले आणि लगेच नोंदी काढून बघितल्या. एक्केचाळीस ओळी. 'काढलं' 'काढलं' 'काढलं', आणि प्रत्येकीपुढं इस्तारी. साहेबांना मनापासून धक्का बसला. कालपर्यंत ज्याच्या नावानं टाळ्या वाजल्या त्यानंच हे करावं? त्यांनी जड अंतःकरणानं नोटीस काढली : तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा चालू महिन्याअखेर कंत्राट संपुष्टात येईल. लटारूभाऊंनी ती नोटीस वाचली आणि गावात जाऊन जशी वाचली तशी सांगितली.

चिंचबोडीत त्या संध्याकाळी कोणी इस्तारीला शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं. लोक फक्त बाजूला सरकून त्याला मोठी वाट देत होते. एका म्हातारीनं एवढंच विचारलं की बापा, आमी कोन्या जागी तुले आडवे आलो. पचाऱ्याच्या पोट्ट्यानं सख्ख्या मायचं नाव तलावातून काढलं, ही बातमी वेशीपर्यंत त्याच्या आधी पोचली होती.

घरी कुंताबाईंनी ताट वाढलं. भात, वर वाळल्या झिंग्यांची चटणी. इस्तारीनं सांगितलं की मी नाही केलं. त्यांनी मान हलवली. मग पातेलं उचलून विचारलं, "साहेब, अजून भात वाढू का?"

सत्तेचाळीस वर्षांत मायनं त्याला गध्या, बयाड, मुडदा सगळं म्हटलं होतं. साहेब कधी म्हटलं नव्हतं. तो अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं नोंदी स्वतः उघडल्या. ओळी होत्याच. रविवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं, एक्केचाळीस नावं एका सेकंदात. आणि शेवटच्या रकान्यात, जो जागा उरली म्हणून वाढवला होता, मशीनचं नाव : सातपुते-सर. साहेबांनी चंद्रपूरला लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानदारानं आदरानं त्याला हेच नाव घालून दिलं होतं. इस्तारीनं पान छापलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"हे सातपुते-सर कोण?" साहेबांनी विचारलं.

"तुमी."

साहेबांनी पान जवळ ओढून तारीख आणि वेळ वाचली. मग त्यांना आठवलं. त्या रविवारी त्यांनी मोबाइल नसलेली नावं समोर काढली होती, सगळ्यांवर खूण केली होती आणि एक बटण दाबलं होतं. त्यांना वाटलं होतं की नावं फक्त अहवालातून लपतील. लपली, आणि टक्केवारी शंभर झाली. आनंदाच्या भरात त्यांनी पुढचं बघितलंच नाही. माणूस लबाड नव्हता. टक्केवारीच्या प्रेमात पडलेला होता, आणि प्रेमात कोण काय बघतं.

त्यांनी दार लोटून घेतलं. आवाज उतरला होता.

"इस्तारी, या ओळी पुसता येतील का?"

"येतीन ना. पण पुसली का पुसल्याची ओळ पडते."

"मग तीही पुसायची."

"तिच्या पुसल्याची बी पडते."

"असं कुठवर?"

"रिटायर होवोस्तोवर. अन् रोज सांजच्याले नागपूरले प्रत जाते, ते वेगळं."

साहेबांनी डोकं धरलं. मग म्हणाले की जाऊ दे, नोटीस मागं घेतो, 'तांत्रिक कारणास्तव' असं लिहून टाकतो, कंत्राटही चालू राहील; तूही कुठं बोलू नको. इस्तारीसाठी हे सोपं होतं. असल्या वेळी तो आजवर 'हाव साहेब' म्हणून बाहेर पडला असता आणि सगळ्यांना आलुबोंडे खाऊ घातले असते.

"नाई," इस्तारी म्हणाला.

बाहेर आशाबाईंच्या हातातला शिक्का थांबला.

"नोटीस मागं घ्या का नोका घेऊ. पण गावात येऊन सांगा. मायी माय मले साहेब म्हनून राह्यली."

साहेबांना या वाक्यातली आपत्ती पुरती कळली नसावी. पण इस्तारीचा चेहरा कळला. येतो म्हणाले.

नावं परत आणायला अर्धा तास लागला. काढलेली प्रत्येक ओळ जशीच्या तशी नोंदीत जपलेली होती. इस्तारीनं ती एकेक उचलून जागेवर बसवली. टक्केवारी शंभरावरून नव्व्याण्णव पूर्णांक सहावर आली आणि साहेबांनी ती एखादं बिऱ्हाड उठून जाताना बघावं तशी बघितली. मग त्यानं कॅलेंडर उतरवलं आणि प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलं. त्या महिन्यात ऑफिसातले बदल चार हजारांवरून तीनशेवर आले. आशाबाई आता एका पत्त्यासाठी तीनदा चष्मा पुसतात. मुखरूच्या नावावर तर एकही ओळ नाही, आणि आपलं रेकॉर्ड किती साफ आहे हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो.

सभेच्या दिवशी चिंचबोडीच्या समाजमंदिरात सगळं गाव जमलं. सातपुते साहेब आले, त्यांना शाल-नारळ झाला. ते उभे राहून म्हणाले की तांत्रिक कारणामुळे काही नावं गेली होती, कार्यालयानं ती तत्परतेनं परत आणली आहेत. लोकांनी माना डोलावल्या. 'तांत्रिक' या शब्दापुढं आमच्याकडे कोणी जास्त विचारत नाही. तो देवीच्या कोपासारखा आहे. इस्तारी भिंतीला टेकून उभा होता आणि जमिनीकडे बघत होता. कारण साहेबांनी सगळं सांगितलं होतं, एक गोष्ट सोडून.

कुंताबाई बायकांच्या ओळीतून उठल्या.

"साहेब, मायं एक विचारनं हाये. माया पोट्ट्यानं कापले का ते नावं?"

"नाही, आजी."

"मंग कोनं कापले?"

साहेबांनी शाल सावरली. "मशीननं."

"मशीन कोनाची होती?"

लटारूभाऊंनी म्हातारीला बसायची खूण केली. ती तिनं बघितली आणि बाजूला ठेवली. साहेबांनी शाल खांद्यावरून काढून घडी करायला घेतली. घडी काही जमेना.

"माझी," ते म्हणाले. "मीच काढली, आजी. चुकून. इस्तारीचा त्यात हात नव्हता."

एवढ्या लोकांसमोर एवढं बोललेला अधिकारी चिंचबोडीनं पूर्वी बघितला नव्हता. लोकांनी भिंतीकडं वळून इस्तारीला बघितलं. कोणीतरी त्याला खुर्ची सरकवली. तो बसला नाही. त्याला तेव्हा बसणं जमण्यासारखं नव्हतं. त्यानं दोन्ही पेनं खिशातून काढली, बघितली आणि परत खिशात ठेवली.

लटारूभाऊ खूश झाले. साहेबांनी मोठं मन दाखवलं, आता गावानंही दाखवावं. आणि आमच्याकडे रीतच आहे की सभेला आलेला पाहुणा ठराव घेतल्याशिवाय परत पाठवायचा नाही. त्यांनी ठराव मांडला : गेलेली नावं परत दिल्याबद्दल ही सभा कार्यालयाचे मनःपूर्वक आभार मानते. हात वर करा. हात वर झाले. परत आलेल्या एक्केचाळिसांपैकी चाळिसांनी तर दोन्ही हात वर केले, इतक्या दिवसांनी हात मोजला जाणार होता म्हणून.

एक हात पदराखाली होता.

"कुंताबाई, तुमचा हात?" लटारूभाऊंनी विचारलं.

"खाली हाये. तसा लिही."

"काऊन वो बाई? नाव त परत आलं ना तुमचं."

"मायंच होतं ते," कुंताबाई म्हणाल्या. "कोंबडी नेली, मंग आनून देली. त आनून देल्याचे कायचे आभार? चुकलो म्हनले, ते आयकलं, त्याचा राग नाई. पन आभार नाई."

सातपुते साहेब मान खाली घालून हसले. चांगले हसले, डोळ्यांपर्यंत.

पंचाईत सचिवाची झाली. संस्थेच्या इतिहासात ठरावाच्या विरोधात कधी कोणी नव्हतं. लिहायचं कसं, हेच वहीत कुठं नव्हतं. त्यानं इस्तारीला हाक मारली. इस्तारी वहीशेजारी वाकला आणि हळू आवाजात सांगत गेला : बाजूने एकशे अठरा, विरोधात एक; विरोध करणाऱ्याचं पूर्ण नाव; तारीख; वेळ, अकरा वाजून चाळीस मिनिटं. सचिवानं नुसतं 'कुंताबाई' लिहून पुढं जायला बघितलं, तेव्हा इस्तारीनं त्याचा हात धरला आणि नाव पूर्ण लिहवून घेतलं.

"झालं का रे मुडद्या?" मागून माय म्हणाली. "का दिवसभर लिहीत बसते?"

कुंताबाईंना वाचता येत नाही. तरी ओळ पुरी होऊन सचिवानं वही मिटेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.